‘लागणे’ येतं ना, मग ‘हॅज’ही येईल

कोपरखैरण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. ताईंचं वय ४१. शाळा गावाकडची, मराठी माध्यमाची, नंतर बी.कॉम. गेली सहा वर्षं त्या घरच्या हॉलमध्ये पाचवी ते आठवीच्या चौदा मुलांची शिकवणी घेतात, सगळे विषय. बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमाची. गेल्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीने युनिट टेस्टमध्ये ‘शी हॅज अ डॉग’ या वाक्यातल्या ‘हॅज’ला हेल्पिंग व्हर्ब, म्हणजे सहायक क्रियापद, म्हटलं आणि मार्क गेला. ताईंनी लिहून दिलेल्या यादीत ‘हॅज’ हेल्पिंग व्हर्बच्या रकान्यातच होतं. मुलीची आई वही घेऊन दारात आली आणि बाकीच्या मुलांदेखत म्हणाली, “टीचर, तुमचं स्वतःचं इंग्लिश मीडियम नाही ना, म्हणून विचारते.”

तेव्हापासून इंग्रजीचा तास आला की ताईंच्या पोटात गोळा येतो. मिस्टर म्हणतात, गणित-मराठी शिकव, इंग्रजी सोडून दे. बहिणीने १४,००० रुपयांचा ऑनलाइन ग्रामर कोर्स सुचवला आहे. तिसरा रस्ता म्हणजे गाईड मांडीवर घेऊन आहे तसं चालू ठेवणं. “मुलांसमोर दोन वाक्यं इंग्रजीत बोलायचीही धास्ती वाटते,” असं त्या मध्येच कुठेतरी लिहितात आणि शेवटी विचारतात, “व्हर्बचे सगळे प्रकार मला एकदाचे नीट लिहून द्याल का? म्हणजे पुन्हा कोणी मला पकडणार नाही.”

ताई,

यादी मी देणार नाही. राग मानू नका, पण तुमचा घात यादीनेच केला आहे.

तुमच्या यादीत चूक काहीच नव्हती. ॲम, इज, आर, हॅज, हॅव, हॅड, डू, डझ, डिड, पुढे कॅन, कुड वगैरे. शाळाशाळांत हीच यादी पाठ करून घेतात, मीही घेतली आहे. गोची इतकीच, की यादी शब्दांची होती आणि पेपरातला प्रश्न वाक्याचा होता. ‘हॅज’ हेल्पिंग आहे का, या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठल्या वाक्यातलं ‘हॅज’, हे आधी विचारायला हवं.

हे पटवायला इंग्रजी नको. जरा स्वयंपाकघरात चला. आमटी खारट लागते. पोराला भूक लागते. उंबऱ्याला ठेच लागते. संध्याकाळी पाम बीच रोडवर दिवे लागतात. शेजारच्यांचा सिडकोच्या सोडतीत नंबर लागतो. धाकटी रडायला लागते. आणि उद्या पाणी लवकर जाणार असेल तर पाचला उठावं लागतं.

आता तुमच्या मुलांना विचारा, ‘लागणे’ कुठल्या रकान्यात टाकायचं? ‘दिवे लागले’ इथे ते एकटंच सगळं काम करतं, त्याला कर्म नको, कोणाची मदत नको. ‘आमटी खारट लागते’ इथे आमटी काहीच करत नाही. ‘लागते’ने फक्त आमटी आणि खारटपणा यांची गाठ मारून दिली. इंग्रजीत याला लिंकिंग व्हर्ब म्हणतात, ‘द आमटी टेस्ट्स सॉल्टी’. ‘रडायला लागली’ यात खरी गोष्ट रडण्याची. ‘लागली’ फक्त सुरुवात झाली एवढं सांगतं. आणि ‘उठावं लागतं’ यात ते सक्ती सांगतं, म्हणजे इंग्रजीत ‘मस्ट’ किंवा ‘हॅव टू’ जे करतात ते. शब्द एक, कामं चार. तुम्ही दिवसातून पन्नास वेळा हा शब्द वापरता आणि एकदाही गोंधळत नाही.

तेच ‘टाक’चं. ‘कचरा टाक’ म्हटलं की पोरगं डबा उचलतं. ‘एकदाचं सांगून टाक’ म्हटलं की काही उचलत नाही, सांगतं. तेच ‘बस’चं. माझी आत्या म्हणायची, “ती दारात उभी राहून रडत बसली,” आणि कोणालाही यात विसंगती वाटायची नाही, कारण या ‘बसली’ला पाटही लागत नाही न् खुर्चीही.

तुम्ही कोपरखैरण्याहून ठाण्याला येता तेव्हा बघा. वाशीहून आलेली गाडी ठाण्याला थांबते, माणसं उतरतात, इंडिकेटरवर पनवेल लागतं आणि तीच गाडी पनवेलची होते. डबे तेच, मोटरमन तोच असेल किंवा नसेल. नुसत्या डब्यांकडे बघून ही गाडी कुठली हे सांगता येत नाही; इंडिकेटर बघावा लागतो. व्हर्बचा इंडिकेटर म्हणजे त्याच्या आजूबाजूचे शब्द.

आता त्या कुत्र्याकडे येऊ. ‘शी हॅज अ डॉग.’ ‘हॅज’च्या पुढे दुसरं क्रियापद आहे का? नाही, तिथे कुत्रा आहे. म्हणजे मालकी सांगण्याचं सगळं काम ‘हॅज’च्याच अंगावर. मेन व्हर्ब, म्हणजे मुख्य क्रियापद. ‘शी हॅज ईटन.’ इथे खाण्याचं काम ‘ईटन’ करतंय, ‘हॅज’ फक्त काळाचा हिशेब ठेवतंय. हेल्पिंग. आणि ‘शी हॅज हॅड टू कप्स ऑफ टी’ हे वाक्य फळ्यावर लिहा, मुलांना गंमत वाटेल: एकाच घरातले दोघे शेजारी उभे, पहिला हेल्पिंग, दुसरा मेन, आणि दुसऱ्याचा अर्थ मालकी नव्हे तर चक्क पिणे.

असं दुहेरी आयुष्य जगणारे ठळक तीनच: बी (म्हणजे ॲम, इज, आर वगैरे), हॅव आणि डू. बाकी कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट हे नऊ जण आजच्या इंग्रजीत दुसऱ्याच्या मदतीलाच उभे असतात. त्यांना ‘एस’ लागत नाही आणि त्यांच्या मागून येणाऱ्याला ‘टू’ लागत नाही. ‘ही कॅन्स टू स्विम’ यात म्हणूनच दोन चुका. ‘नीड’ आणि ‘डेअर’ कुंपणावर बसलेले आहेत. आठवीपर्यंत त्यांच्याकडे बघू नका.

पडताळा हवा असेल तर वाक्याचा प्रश्न करून बघायचा. ‘हॅज शी ईटन?’ यात ‘हॅज’ स्वतःच उडी मारून पुढे आलं, म्हणजे हेल्पिंग. ‘शी हॅज अ डॉग’चा प्रश्न मात्र ‘डझ शी हॅव अ डॉग?’ त्याला ‘डझ’ला बोलवावं लागलं, म्हणजे मेन. पण हा पडताळा ‘बी’ला चालत नाही. ‘शी इज अ टीचर’ यात ‘इज’ मेन असूनही ‘इज शी अ टीचर?’ असं तेच पुढे येतं. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच मुलगी तुम्हाला हेही विचारेल. आणि एखाद्या जुन्या ब्रिटिश पुस्तकात ‘हॅव यू अ पेन?’ सापडलं तर दचकू नका. तिकडे पूर्वी तसं सर्रास म्हणत.

आता ‘पकडलं जाण्या’विषयी.

मी ठाण्यातल्या एका शाळेत शिकवायला लागले तेव्हा माझ्याकडेही यादी होती. लिंकिंग व्हर्ब्ज: बी, बिकम, सीम, लुक, टेस्ट, स्मेल. मी ती झोकात फळ्यावर लिहिली. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “बाई, ‘द डॉग स्मेल्ड द बोन’मध्ये पण लिंकिंगच का?” हाडाचा वास घेणारा कुत्रा काही हाडासारखा होत नाही, हे मलाही दिसत होतं. पण मी म्हटलं, “तो अपवाद आहे. लिहून घ्या.” सगळ्यांनी लिहून घेतलं. तो अपवाद नव्हताच. ‘द मिल्क स्मेल्स बॅड’मध्ये दुधाला वास येतो, ‘स्मेल्स’च्या जागी ‘इज’ ठेवलं तरी वाक्य उभं राहतं. ‘द डॉग स्मेल्ड द बोन’मध्ये कुत्रा काम करतोय आणि हाड हे कर्म आहे, तिथे ‘इज’ ठेवलं की कुत्राच हाड होतो. मराठीत आपण ‘वास येणं’ आणि ‘वास घेणं’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग करतो, इतकं ते उघड आहे. मराठी मला येत होतं. वर्गात ते वापरायचं असतं हे माहीत नव्हतं.

तर पकडलं गेलेल्यांत तुम्ही एकट्या नाही. फरक एवढाच, की माझ्या दारात कोणी वही घेऊन आलं नाही, कारण तेव्हा पालक शिक्षकांना विचारत नसत. तुमच्या दारात आलेल्या बाईंची भाषा बोचरी होती, मुलांदेखत बोलल्या ते तर चुकलंच. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. मुलीचा मार्क गेला होता.

त्यांनी जे कारण दिलं, ते मात्र मला तपासून बघायचं आहे. चूक झाली ती तुम्ही मराठी माध्यमाच्या म्हणून, असं त्यांना वाटलं आणि तुम्ही ते मान्यही करून टाकलंत. (बघा, ‘करून टाकलंत’!) तुमची पिढी पाचवीत ए-बी-सी-डी शिकली, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. उच्चाराचा, बोलण्याचा सराव तुम्हाला कमी मिळाला, हे खरं. पण ‘हॅज’च्या प्रकाराचा त्याच्याशी संबंध नाही. इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा हीच यादी पाठ करतात आणि याच खड्ड्यात पडतात. उलट व्हर्बच्या बाबतीत मराठीवाल्यांकडे एक जादाचा डोळा असतो.

कप फुटल्यावर घरात काय होतं ते आठवा. पोरगं म्हणतं, “कप फुटला.” आपण म्हणतो, “फुटला नाही, फोडलास.” सकर्मक-अकर्मकचा सगळा धडा या भांडणात आहे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे; मराठीत क्रियापदच सांगतं की कर्ता कोणी आहे की नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ब्रेक’: ‘द कप ब्रोक’ आणि ‘ही ब्रोक द कप’. म्हणजे इंग्रजी पोरगं एकाच शब्दात सुटतंही आणि अडकतंही. ट्रान्झिटिव्ह आणि इन्ट्रान्झिटिव्ह म्हणजे हेच, आणि हेही शब्दावर छापलेलं नसतं, वाक्यात ठरतं.

मुलांना व्याख्या सांगण्याआधी ‘ने’ लावून बघायला सांगा. तो झोपला, तो पडला, तो धावला: ‘ने’ नाही. त्याने खाल्लं, त्याने फेकलं, त्याने लिहिलं: ‘ने’ आला, म्हणजे कर्म जवळपास आहे. शिकणे, विसरणे, बोलणे असे काही नग ऐकत नाहीत. ‘तो डबा विसरला’ असंच म्हणतो आपण. तरी पाचवी-सहावीच्या मुलांना सुरुवात करायला हे पुरतं, आणि घरी मराठी बोलणारं मूल याचं उत्तर विचार न करता देतं.

खरी मजा पुढे आहे, जिथे दोन भाषांचं जमत नाही तिथे. आपण ‘ठाण्याला पोचलो’ म्हणतो, म्हणून मुलं ‘आय रीच्ड टू ठाणे’ लिहितात. ‘रीच’ला थेट कर्म लागतं, मध्ये ‘टू’ खपत नाही. ‘पिकनिकवर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट द पिकनिक’. ‘त्याच्याशी लग्न केलं’ म्हणून ‘मॅरीड विथ हिम’. आणि याच्या बरोब्बर उलट, ‘माझं ऐक’ म्हणून ‘लिसन मी’, जिथे ‘टू’ हवाच. ‘मला माहीत आहे’मधला तो ‘आहे’ इंग्रजीत शिरतो आणि ‘आय ॲम नोइंग’ तयार होतं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या एखाद्या टीचर या सगळ्यांवर लाल फुली मारतील, बरोबरच मारतील. पण चूक कुठून आली ते तुम्हाला दिसेल, कारण तुमच्याही डोक्यात ती त्याच वाटेने येते.

याहून मोठी चूक, जी तुमच्या चौदांपैकी निदान दहा जण करत असतील, ती म्हणजे ‘ही डिडन्ट वेंट’. मी पैजेवर सांगते, तुमच्या वह्यांत ती आहे. दरवेळी खोडून ‘गो’ लिहिलंत तरी परत येते. का येते, याचा मी बरीच वर्षं विचार केला.

‘ती गेली होती’ हे वाक्य बघा. ‘गेली’वरही भूतकाळ आणि स्त्रीलिंग दिसतं, ‘होती’वरही. ‘ते गेले नव्हते’: पुन्हा दोन्हीकडे खुणा. मराठीच्या वऱ्हाडात सगळेच फेटे बांधतात. मूल तीच सवय घेऊन इंग्रजीत जातं आणि ‘डिड’लाही भूतकाळ चढवतं, ‘वेंट’लाही. इंग्रजीत फेटा एकालाच, रांगेत जो पहिला उभा त्याला. ‘ही वेंट’मध्ये तो एकटाच आहे, म्हणून फेटा त्याच्या डोक्यावर. ‘ही डिडन्ट गो’मध्ये ‘डिड’ पुढे येऊन उभं राहिलं, फेटा त्याने घेतला, मागचा ‘गो’ बोडका. ‘शी हॅज अ डॉग’चा प्रश्न करताना ‘एस’चं तेच होतं: ‘डझ’ने तो घेतला आणि ‘हॅज’चं ‘हॅव’ झालं. ‘शी वॉन्ट्स टू गो’मध्येही पहिल्यालाच ‘एस’. मुलं मग विचारतील, ‘हॅज गॉन’मधलं ‘गॉन’ बोडकं कुठे आहे? त्यांना सांगा, ‘गॉन’ किंवा ‘गोइंग’ हे रूप बदललेले असतात, पण काळ दाखवत नाहीत. काळ ‘हॅज’ आणि ‘हॅड’ दाखवतात. फाइनाइट आणि नॉन-फाइनाइट हे जे भारदस्त शब्द गाईडमध्ये आहेत, ते इतकंच सांगतात: फेटेवाला आणि बिनफेट्याचा. शब्द नंतर द्या, आधी फेटा दाखवा. एका मुलाच्या डोक्यावर ओढणी बांधून चार मुलांना रांगेत उभं करून हा खेळ करता येतो. आरडाओरडा होतो, खालच्या मजल्याला आधी सांगून ठेवा.

बाकी गाईडमध्ये असलेल्या प्रकारांबद्दल एवढंच, की शाळेत तुम्ही सकर्मक, अकर्मक, सहायक, संयुक्त हे शिकला आहातच. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. त्यामुळे त्यांच्यापासून चालत आलेल्या आपल्या शालेय व्याकरणाचं गाईडमधल्या इंग्रजी नावांशी जवळचं नातं आहे. तिथे नवं फार काही सापडणार नाही तुम्हाला. रेग्युलर-इर्रेग्युलर हा भाग मात्र पाठांतराचाच. ‘गो-वेंट-गॉन’ला कुठलंही तर्कशास्त्र लावून उपयोग नाही.

आता तुमच्यापुढचे तीन रस्ते.

इंग्रजी सोडून द्यायचं का? मिस्टरांचा हेतू चांगला आहे, तुम्हाला त्रास होताना त्यांना बघवत नाही. पण सगळे विषय एकाच ठिकाणी होतात म्हणून मुलं तुमच्याकडे येतात. इंग्रजी गेलं की निम्मी मुलं दुसरीकडे जातील हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शिवाय एका मार्कासाठी विषय सोडायचा म्हटलं तर ठाण्यात आणि नवी मुंबईत एकही क्लास चालू राहणार नाही. मात्र वरच्या वर्गांची मुलं घ्यायचा विचार असेल, तर इंग्रजीपुरता तो वर्षभर पुढे ढकला. आठवीपर्यंतची पकड आधी घट्ट होऊ दे.

१४,००० चा कोर्स? इथे मला तुमच्या पत्रातलं ते मधलं वाक्य खुणावतं, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात: मुलांसमोर बोलायची धास्ती वाटते. ताई, तुम्ही माझ्याकडे व्याकरण मागितलंत, पण तुम्हाला कमी पडतंय ते बोलणं, असा माझा संशय आहे. यादी पाठ असली की बोलताना पकडले जाणार नाही, अशी आशा आपल्यापैकी अनेकांनी केली आहे. ती फळत नाही. पोहण्याचे प्रकार पाठ करून कोणी पाण्यावर तरंगलेलं मी पाहिलं नाही. तेव्हा पैसे घालायचेच असतील तर जिथे आठवड्यातून दोन-तीनदा तुम्हाला तोंड उघडावं लागेल आणि कोणीतरी तुमचं लिहिलेलं तपासून देईल, अशा ठिकाणी घाला. भरण्याआधी एक तास बसू द्या म्हणावं. त्या तासात शिकवणारेच बोलत राहिले आणि पडद्यावर नुसते तक्ते सरकत राहिले, तर चहा पिऊन घरी या.

व्याकरणासाठी खर्चाची गरज दिसत नाही. शिकणाऱ्यांसाठी बनवलेले इंग्रजी-इंग्रजी कोश आता फोनवर फुकट बघता येतात. त्यांत बऱ्याच ठिकाणी क्रियापदाच्या अर्थापुढे टी किंवा आय असं अक्षर असतं, म्हणजे त्या अर्थाने ते ट्रान्झिटिव्ह की इन्ट्रान्झिटिव्ह, आणि खाली वाक्यं. ‘ब्रेक’ किंवा ‘रन’ उघडून बघा: एकाच शब्दाखाली टी आणि आय दोन्ही दिसतील. तुमच्या यादीने जे सांगितलं नव्हतं ते तिथे दिसेल. ठाण्याला येणं होत असेल तर १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. मराठी व्याकरणाचं एखादं जाड पुस्तक घेऊन तासभर क्रियापदाचं प्रकरण वाचा. इंग्रजी शिकवायला मराठी व्याकरण वाचा म्हणते आहे खरी, पण करून बघा.

आणि गाईड. गाईड फेकू नका, पण मांडीवरून टेबलावर आणा. लपवून बघितलं की मुलांना वाटतं, टीचरला येत नाही. समोर ठेवून, “बघू या हे काय म्हणतात, आणि पटतंय का,” म्हटलं की तीच मुलं पुस्तकातली चूक शोधायला लागतात. एक वेगळी वही करा. ज्या प्रश्नाचं उत्तर तत्क्षणी सुचणार नाही तो तिच्यात तारीख घालून मुलांच्याच हाताने लिहून घ्या, आणि दोन दिवसांत उत्तर द्या. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. वही धूळ खात पडली तर मात्र मुलं ओळखतात.

यादी खरडलेल्या जुन्या पानावरही एक काम करा. ‘हेल्पिंग व्हर्ब्ज’ हे शीर्षक खोडून तिथे ‘हे हेल्पिंग असू शकतात’ असं लिहायला लावा. ‘असू शकतात’मध्ये ‘शकतात’ कोणता व्हर्ब, हेही जाता जाता विचारा.

त्या आईंना फोन करा. दारात नको, फोनवरच, दुपारच्या निवांत वेळी. मार्क गेला ती चूक माझ्या यादीतून आली, मी ती वर्गात दुरुस्त केली आहे, एवढं सांगा. मीडियमचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर म्हणा, “हो, मी मराठी शाळेत शिकले,” आणि थांबा. पुढचं वाक्य त्यांना शोधू दे.

मुलीला मात्र थोडं जास्त द्या. यादी डोळे झाकून न मानता वाक्याकडे बघायची सवय तिला लागली तर वर्गातली सगळ्यात कामाची विद्यार्थिनी तीच ठरेल. सोमवारी तिला फळ्यावर बोलवा आणि एक वाक्य लिहा: ‘शी हॅज टू गो.’ हेल्पिंग की मेन? एका बाजूला ‘हॅज’च्या मागे ‘गो’ उभं आहे आणि अर्थ ‘मस्ट’सारखा, म्हणून हेल्पिंग वाटतं. दुसऱ्या बाजूला प्रश्न केला की ‘डझ शी हॅव टू गो?’, म्हणजे ‘डझ’ला बोलवावं लागतं, मेन व्हर्बसारखं. व्याकरणकारही याला कधी अर्धा हेल्पिंग म्हणतात, कधी वेगळ्याच नावाने हाक मारतात. तिला दोन्ही बाजू लिहू दे. मग तिच्याकडून त्याचं मराठी करून घ्या: तिला जावं लागतं. आणि त्या ‘लागतं’खाली रेघ मारून खडू तिच्याच हातात द्या.